लोडवर खापर फोडणे थांबवा

‘लोड वाढला म्हणून सर्व्हर पडला’ हे कारण मला मान्य नाही. डेटाबेस पडल्यावर ज्यांना जाब द्यावा लागतो त्यांनी हे कारण देऊ नये, आणि ज्यांचे काम त्यामुळे अडते त्यांनी ते ऐकून घेऊ नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. देवासच्या औद्योगिक वसाहतीपासून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरपर्यंतच्या पट्ट्यात डेटाबेस सांभाळण्याचे काम मी करतो. कारखान्याचे हिशेब असोत, धान्यखरेदीची नोंद असो, पतसंस्थेचे खाते असो, बंद पडल्यावर येणारे उत्तर ठरलेले असते. सिझन होता, लोड आला, सर्व्हर बसला. त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. माझा राग आहे तो नेमका त्या न विचारलेल्या प्रश्नावर.

लोड प्रत्येक बिघाडाच्या वेळी हजर असतो, तसा बिघाड न झालेल्या दिवशीही असतो. मंगळवारी सर्व्हर पडला आणि सोमवारी त्याहून जास्त गर्दी असून तो चालला, तर मंगळवारचे कारण गर्दीत कसे सापडेल? मंगळवारी, सहा वाजून काही मिनिटांनी, याच मशीनवर, हीच प्रक्रिया का मेली, हे जे सांगते त्याला कारण म्हणायचे. बाकी सगळी परिस्थिती. 28 एप्रिल 2021 आठवा. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन पोर्टलवर लसीची नोंदणी दुपारी चारला उघडली आणि देशभर पडदे गोठले. थोड्या वेळाने अधिकृत खुलासा आला की चारच्या सुमारास किरकोळ बिघाड होता, तो दुरुस्त केला आहे. त्याच दिवशी त्याच पोर्टलवर 1 कोटी 30 लाखांहून जास्त लोकांची नोंदणी झाली. दुरुस्तीनंतर गर्दी ओसरली नव्हती. गर्दी तशीच असताना पोर्टल उभे राहिले, म्हणजे ते कोसळण्याचे कारण गर्दीव्यतिरिक्त काहीतरी होते आणि ते शोधता आले.

आमच्या माळव्यात तर लोडला आश्चर्य म्हणण्याची सोयच नाही. इथला लोड तारीख सांगून येतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी भावांतर योजना आली तेव्हा नोंदणी 3 ते 17 ऑक्टोबर आणि विक्री 24 ऑक्टोबरपासून 15 जानेवारीपर्यंत, हे आधीच जाहीर झाले होते. हमीभाव क्विंटलला 5328 रुपये ठरलेला होता. नऊ लाखांवर शेतकऱ्यांनी नाव नोंदवले. गव्हाच्या खरेदीचे तेच, मार्चअखेरच्या दस्तनोंदणीचे तेच. सोयाबीन ऑक्टोबरात निघते हे धार-देवासच्या शाळकरी पोराला ठाऊक असते. मग नोंदणीचे सॉफ्टवेअर बांधणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला ते ठाऊक नव्हते असे कसे मानायचे? ज्या गर्दीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे तिला अचानक आलेली म्हणता येत नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण हवेत वाद घालण्यात अर्थ नाही. देवासजवळ सोयाबीन खरेदी करणाऱ्या एका पेढीचे (नाव घेत नाही) सगळे काम एका डेटाबेसवर चालते. फाटकावरची नोंद, वजनकाटा, मालाची प्रत, शेतकऱ्याचे देणे, सगळे तिथे. लिनक्सवर पोस्टग्रेस, 64 जीबी रॅम. ऐन सिझनमध्ये संध्याकाळच्या वेळी सगळ्यांचे पडदे एकदम तुटायचे आणि काही मिनिटांनी आपोआप परत यायचे. कधी परत आलेच नाहीत तर कुणीतरी मशीन बंद करून चालू करायचे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचे निदान एका ओळीचे होते: लोड आहे, दुप्पट रॅमचा नवा सर्व्हर घ्या. सोबत दरपत्रकही जोडलेले.

डेटाबेसच्या लॉगमध्ये मात्र एक स्पष्ट वाक्य होते. एक सर्व्हर प्रोसेस सिग्नल 9 ने संपली. सिग्नल 9 म्हणजे बाहेरून मारणे. ज्याला मारतात त्याला आवराआवर करायलाही वेळ मिळत नाही. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी मारली गेली की सामाईक मेमरीत काही अर्धवट राहिले असेल या शंकेने मुख्य प्रक्रिया बाकीच्या सगळ्यांना बंद करते आणि लॉग वाचून पुन्हा उभी राहते. म्हणून सगळ्यांचे पडदे एकदम तुटत होते. म्हणजे डेटाबेस कोसळत नव्हता, त्याला कुणीतरी मारत होते. माणसाने मारले नव्हते, त्या वेळी मशीनवर कुणी लॉगइनच नव्हते. उरला तो कर्नल. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया निवडून मारतो, आणि मारल्याची नोंद स्वतःच्या लॉगमध्ये करतो.

ती नोंदच सापडेना. मशीनवर सिस्टिमचा जर्नल फक्त मेमरीत ठेवला जात होता, त्यामुळे दरवेळी मशीन बंद-चालू केले की पुरावा पुसला जायचा. रीस्टार्ट हाच ज्यांचा उपाय होता, त्यांनी स्वतःच्याच हाताने प्रत्येक वेळी कारण नष्ट केले होते. जर्नल डिस्कवर साठवायची सोय केली. पुढच्या वेळी डेटाबेस पडला तेव्हा ती ओळ हाती आली: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पोस्टग्रेस. तिच्या वर, कर्नल नेहमी देतो तशी, त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रक्रियांची यादी, प्रत्येकीने किती मेमरी धरली आहे त्या आकड्यांसह. पोस्टग्रेसच्या प्रक्रिया चारशेच्या वर होत्या. पेढीत एका वेळी काम करणारी माणसे साठसुद्धा नाहीत.

साठ माणसांची चारशे कनेक्शन कशी होतात? फाटकावरच्या प्रोग्रॅमने क्वेरी पाठवायची, तीस सेकंद वाट पाहायची आणि उत्तर आले नाही की जुने कनेक्शन तसेच सोडून नवे उघडायचे आणि तीच क्वेरी पुन्हा पाठवायची. जुनी क्वेरी आत चालूच राहायची. ती तीस सेकंदांत का होत नव्हती? शेतकऱ्याची मागची बाकी काढताना जो रकाना शोधायचा त्यावर इंडेक्सच नव्हता, त्यामुळे दरवेळी अख्खे टेबल वाचले जायचे. सिझनच्या सुरुवातीला टेबल लहान, म्हणून चालून जायचे. दिवाळीनंतर टेबल फुगले की तीच क्वेरी रेंगाळायची. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पूर्वी कुणीतरी एक अहवाल लवकर निघावा म्हणून वर्क-मेम ही मेमरीची मर्यादा 4 एमबीवरून 256 एमबी केली होती, आणि ‘कनेक्शन मिळत नाही’ या तक्रारीवर कनेक्शनची कमाल संख्या 100 वरून 500 केली होती. वर्क-मेम ही मर्यादा संपूर्ण सर्व्हरसाठी नसते. प्रत्येक क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला ती स्वतंत्रपणे मिळते. एकेकच धरली तरी 500 गुणिले 256 एमबी म्हणजे 125 जीबी होतात. मशीनवर 64 होते.

हे गणित पाचवीतला मुलगा करील. ज्या दिवशी सेटिंग बदलली त्याच दिवशी ते करता आले असते. त्याऐवजी ऐन हंगामात शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या फाटकावर रात्र काढत राहिल्या आणि दोष सोयाबीनच्या आवकेला गेला. वजनाच्या पावत्या काढून पाहिल्यावर दिसले की सर्वाधिक आवक झालेल्या दिवशी डेटाबेस पडलाच नव्हता. इंडेक्स घातला, वर्क-मेम खाली आणून फक्त त्या एका अहवालापुरती वाढवली, मध्ये कनेक्शन पूल (ठरावीक कनेक्शन सर्वांना आळीपाळीने देणारी व्यवस्था) बसवला, फाटकावरच्या प्रोग्रॅमला जुने कनेक्शन बंद करायला आणि प्रत्येक पुढच्या प्रयत्नाआधी जास्त थांबायला शिकवले. त्याच 64 जीबीवर उरलेला सिझन पार पडला.

कनेक्शन पूलला आमच्याकडे फार विरोध होतो, ‘लोकांना रांगेत का उभे करता’ म्हणून. मंडीत पाचशे ट्रॉल्या आल्या तर कुणी पाचशे काटे बसवत नाही. आठ-दहा काटे असतात, टोकन देतात, रांग हलत राहते आणि सगळ्यांचे वजन होते. पाचशे ट्रॉल्या एकदम आत सोडल्या तर एकीचेही होणार नाही. डेटाबेसच्या मशीनला जितके प्रोसेसर आणि जितक्या डिस्क, तितकीच कामे ते खरोखर एका वेळी करते. बाकीची आत घेतली तरी थांबूनच राहतात, फक्त थांबताना मेमरी आणि डेटावरची कुलपे (लॉक) अडवून ठेवतात.

हा छोट्या गावच्या छोट्या पेढीचा अनाडीपणा आहे असे कुणी म्हणेल, तर त्याने 2025 च्या वसंतातल्या यूपीआयकडे पाहावे. 26 मार्चला आणि पुन्हा 12 एप्रिलला, शनिवारी, देशभर व्यवहार अडकले. व्यवहार प्रचंड वाढलेत, यंत्रणेवर ताण आहे, असे तर्क लगेच सुरू झाले. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 12 एप्रिलच्या बिघाडाचे मूळ कारण शोधले तेव्हा जे निघाले ते आमच्या फाटकावरच्या प्रोग्रॅमचेच मोठे रूप होते. काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ ही विचारणा पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, पाठवत सुटल्या होत्या. चहावाल्याला पैसे देणाऱ्या माणसांनी तो लोड आणलेला नव्हता. यंत्रणेतल्याच यंत्रांनी तो निर्माण केला होता. कारण असे नेमके कळले म्हणून उपायही नेमका करता आला. विचारणा किती वेळा आणि किती अंतराने करायची यावर बंधने आली, 1 ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येईल असेही ठरले. ‘लोड’ म्हणून फाइल बंद केली असती तर आणखी सर्व्हर घेतले असते आणि त्या विचारणांनी तेही भरून टाकले असते.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा घेतला जातो की दारात माणसे उभी असताना लॉग वाचत बसणे हा चैनीचा भाग आहे, आधी चालू करा. चालू करा, यात मला काडीचा वाद नाही. पण बंद करण्याआधी दोन मिनिटे द्या. कर्नलचा लॉग एका फाइलीत उतरवा. त्या क्षणी कोणत्या क्वेरी चालू आहेत आणि कोण कुणाची वाट पाहत आहे, तो तक्ता साठवा. मेमरी, स्वॅप आणि डिस्कच्या रांगेचे आकडे घ्या. हे सगळे एका स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवले तर रात्रपाळीचा नवा मुलगाही एक आज्ञा देऊन करू शकतो. आणि नोंदी कायम घेत राहा. संथ क्वेरी, कुलपासाठीची वाट, डिस्कवर सांडलेल्या तात्पुरत्या फायली यांचे लॉगिंग चालू ठेवायला फार खर्च येत नाही. सार नावाचे साधन पुष्कळ मशीनवर असते, पण ते मुळात दहा मिनिटांची सरासरी टिपते. चाळीस सेकंदांत मेमरी भरून डेटाबेस मेला तर दहा मिनिटांच्या सरासरीत तो उंचवटा बुडून जातो, आणि मग ‘ग्राफवर तर काहीच दिसत नाही, गूढच आहे’ असे म्हणायला माणूस मोकळा होतो. ते अंतर दहा सेकंदांवर आणा. बहुतेक गूढे तेवढ्याने सुटतात.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा. मोठे मशीन घेऊन टाका, डोकेदुखी संपवा. मोठ्या मशीनने आजार पुढे ढकलला जातो, आणि कधी कधी वाढतो. दोन प्रोसेसर असलेल्या मशीनमध्ये रॅम दोन भागांत वाटलेली असते. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस एका भागातली मेमरी संपवून टाकतो आणि दुसऱ्या भागात भरपूर जागा रिकामी दिसत असताना मशीन स्वॅपमध्ये जाते. हे कोडे जेरेमी कोल यांनी 2010 मध्ये उलगडून लिहिले, तोवर जगभरचे लोक त्यावर डोके फोडत होते आणि रॅम वाढवत होते. दुसरे पाहा. डिस्कवर न लिहिलेला डेटा किती साठू द्यायचा याची लिनक्समधली मूळ मर्यादा उपलब्ध मेमरीच्या टक्क्यांत असते, साधारण 20 टक्के. 256 जीबीच्या मशीनवर हे जवळजवळ 50 जीबी झाले. इतके एकदम डिस्कवर लोटायची वेळ आली की सगळे लिहिणे ठप्प, क्वेरी थांबलेल्या, वरचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा कनेक्शन उघडतोय. जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर हा झटका इतका मोठा नसतो. आणखी एक: डिस्क कंट्रोलरची बॅटरी स्वतःला तपासायला अधूनमधून पूर्ण उतरून चढते, आणि तेवढा वेळ कित्येक कंट्रोलर लिखाण कॅशमध्ये न घेता थेट डिस्कवर टाकतात. नेमके तेव्हाच काम जोरात असेल तर डेटाबेसचा वेग पार कोसळतो आणि बॅटरी भरली की सगळे आलबेल. अशा ठिकाणी नवा प्रोसेसर काय करणार?

तिसरे म्हणणे अनुभवी माणसांचे आहे आणि मी त्याचा आदर करतो. काही बिघाडांचे कारण सापडतच नाही. खरे आहे. मेमरीचा एखादा बिट उलटतो, वीजपुरवठ्याचा भाग सैल होतो, मे महिन्याच्या उन्हात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडतो. पण यांच्याही खुणा राहतात. ईसीसी मेमरी दुरुस्त केलेल्या चुका मोजून ठेवते, प्रोसेसर मशीन-चेकची नोंद करतो, बोर्डावरचा व्यवस्थापन कंट्रोलर तापमान आणि व्होल्टेज लिहून ठेवतो. हे सगळे पाहूनही हाती काही लागले नाही तर ‘कारण सापडले नाही, हे हे तपासले, पुढच्या वेळेसाठी ही ही नोंद चालू केली’ असे लिहावे. ते प्रामाणिक उत्तर आहे आणि त्यातून पुढचा शोध सुरू होतो. 30 जून 2012 च्या मध्यरात्री घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला आणि जगभर असंख्य लिनक्स मशीनवर जावा आणि मायएसक्यूएलने प्रोसेसर शंभर टक्के व्यापला. वरवर पाहणाऱ्याला तो लोडच दिसला असता. कर्नलमधल्या टायमरची चूक शोधणारे होते, म्हणून तारीख पुन्हा सेट करण्याइतक्या साध्या उपायाने मशीन शांत झाली.

देवासच्या लोकांना परिस्थिती आणि कारण यांतला फरक मी शिकवायला नको. 1990 च्या सुमारास या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागत होते. पाऊस कमी, नशीब वाईट, असे म्हणून वर्षे गेली, आणि उपाय म्हणून आणखी खोल कूपनलिका खणल्या गेल्या. 2006 नंतर उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना प्रश्न बदलला. पाणी जाते कुठे, उपसते कोण, आणि पावसाचे पाणी शेतात थांबत का नाही? उत्तर कूपनलिकांच्या उपशात होते, म्हणून सर्वांत जास्त उपसणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. त्यांनी स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने तळी खणली, आणि पाहता पाहता जिल्ह्यात हजारो तळी झाली. पाऊस तोच राहिला. कारण ओळखले गेले होते.

सर्व्हर पडल्याची किंमत कोण मोजतो, हेही बोलले पाहिजे. दरपत्रक पाठवणारा मोजत नाही. भाड्याची ट्रॉली आणखी एक रात्र अडकते तिचे भाडे शेतकरी भरतो. नोंदणीचा शेवटचा दिवस असेल तर त्याचे नावच राहते. आणि ऑनलाइन केंद्रातला विशीतला मुलगा, ज्याच्या हातात काहीच नसते, दिवसभर ‘सर्वर डाउन है, काका, कल आना’ म्हणत शिव्या खातो. त्याला विचारा काय झाले म्हणून. त्याला कुणी काही सांगितलेले नसते. त्याच्यापर्यंत जी एक ओळ पोचते तीच तो पुढे देतो.

म्हणून मी लेखी कारण मागतो आणि इतरांनीही मागावे असा माझा आग्रह आहे. 24 फेब्रुवारी 2021 ला राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी 11.40 ला थांबला आणि दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवशी टेलिकॉम कंपन्यांच्या जोडण्यांकडे बोट गेले. मार्चमध्ये बाजाराने सविस्तर खुलासा दिला तेव्हा कळले की जोडण्या डळमळल्या हे खरे, पण त्यानंतर डेटा साठवणारी यंत्रणा जशी सावरायला हवी होती तशी सावरली नाही, कारण तिची मांडणी ठरल्याप्रमाणे नव्हती. सेबीने पाठपुरावा केला आणि गुंतवणूकदारांचा दबाव होता, म्हणून दुसरा खुलासा आला. देवासच्या पेढीमागे, धारच्या पतसंस्थेमागे सेबी नाही. तिथे हा दबाव करारातूनच आणावा लागेल. देखभालीच्या करारात एक कलम घाला: डेटाबेस बंद पडल्यापासून आठवड्याच्या आत लेखी अहवाल, त्यात पडण्याआधीच्या पंधरा मिनिटांचे लॉग, त्या वेळची कनेक्शनची संख्या, मेमरीचा हिशेब, मागच्या वर्षभरात बदललेल्या सेटिंगांची यादी, आणि त्याच किंवा जास्त गर्दीच्या दिवशी हेच मशीन का चालले होते याचे उत्तर. नव्या सर्व्हरचे दरपत्रक या अहवालासोबतच स्वीकारले जाईल, त्याआधी नाही. हे कलम घालायची वेळ पेरणीच्या आधी, जूनमध्ये आहे. तेव्हा मशीन मोकळी असतात, जर्नल डिस्कवर आणता येतो, मागच्या सिझनच्या आकड्यांच्या दुप्पट खोटी गर्दी सोडून चाचणी घेता येते, आणि ती चाचणी चालू असताना डेटाबेस पडला तर फाटकावर कुणाची ट्रॉली उभी नसते.